इंग्रजी लोकगीताची वृंदरचना : आधारस्वर, थाट आणि हौशी गायक

प्रास्ताविक

भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवक महोत्सवात भारतीय समूहगानाबरोबर पाश्चात्त्य समूहगान हाही एक स्वतंत्र स्पर्धाप्रकार आहे. त्यात जास्तीत जास्त सहा गायक सहभागी होऊ शकतात. वर्धा जिल्ह्यासारख्या भागातील महाविद्यालये भारतीय समूहगानाची तयारी उत्साहाने करतात. पाश्चात्त्य समूहगानाचा रकाना मात्र प्रवेशिकेत पुष्कळदा कोराच राहतो. यामागचे कारण विचारले असता एकच उत्तर मिळते : 'आपल्याला हार्मनी येत नाही.' जी महाविद्यालये धाडस करतात त्यांची वाटही फारशी वेगळी नसते. एखादे ध्वनिमुद्रण ऐकवून ते जसेच्या तसे पाठ करवून घेतले जाते आणि कीबोर्डवरील साथीदाराला सुचतील ते कॉर्ड त्याखाली वाजविले जातात.

या दोन्ही वाटा टाळून हौशी, संगीताचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या आणि बहुतांशी मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी एखाद्या इंग्रजी लोकगीताची वृंदरचना कशी करता येईल, हे प्रत्यक्ष उदाहरणाने स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ज्या गोष्टीला आपण आपली उणीव समजतो, ती म्हणजे एका आधारस्वरावर एकच चाल गाण्याची सवय, लोकगीताच्या संदर्भात उणीव नसून आरंभबिंदू आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

लोकगीत आणि चार आवाज

इंग्रजी गाणे म्हणजे सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशा चार आवाजांत गायचे गाणे, अशी आपली समजूत असते. इंग्लंडच्या ग्रामीण लोकगीताबाबत ती खरी नाही. ही गीते प्रामुख्याने एकट्या गायकाने, वाद्याच्या साथीविना गायिलेली गीते होत. सेसिल शार्प यांनी 1903 मध्ये सॉमरसेट परगण्यातील हॅम्ब्रिज या खेड्यात जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याच्या तोंडून पहिले लोकगीत ऐकून टिपून घेतले, तेव्हा तो माळी काम करता करता एकटाच गात होता. शार्प यांनी लगोलग त्या चालीला पियानोची साथ रचली आणि त्याच संध्याकाळी ते गीत मंडळींपुढे सादर झाले. ते ऐकून एका श्रोत्याने, या गाण्याला आज प्रथमच मेजवानीचा पोशाख चढला, अशा आशयाचा शेरा मारल्याची नोंद आहे. शार्प यांचे चरित्र 1933 मध्ये ए. एच. फॉक्स स्ट्रँगवेज यांनी मॉड कार्पेलेस यांच्या सहकार्याने लिहिले. याच फॉक्स स्ट्रँगवेज यांनी 1914 मध्ये हिंदुस्थानी संगीतावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

त्याच वर्षी, डिसेंबर 1903 मध्ये, रॅल्फ व्हॉन विल्यम्स यांनी एसेक्समधील इन्ग्रेव्ह येथे एका वृद्ध मजुराकडून गीत टिपून संकलनास आरंभ केला. पुढे त्यांची संख्या आठशेच्या वर गेली. त्यांतील काहींच्या वृंदरचना त्यांनी स्वतः केल्या. 1913 मधील पाच इंग्रजी लोकगीतांचा साथविरहित संच आजही जगभर गायिला जातो. गुस्ताव्ह होल्स्ट यांनीही 1916 च्या सुमारास सहा लोकगीतांच्या वृंदरचना सिद्ध केल्या. हे दोघेही हौशी गायकांत वावरणारे रचनाकार होते. व्हॉन विल्यम्स यांनी 1905 ते 1953 अशी जवळपास अर्धे शतक लीथ हिल येथील महोत्सवात खेड्यापाड्यांतील गायकवृंदांचे निर्देशन केले, तर होल्स्ट 1907 पासून लंडनच्या मॉर्ली कॉलेजात कामकरी प्रौढांना संगीत शिकवीत. होल्स्ट संस्कृत शिकले होते आणि ऋग्वेदातील सूक्तांचे स्वतः इंग्रजी भाषांतर करून त्यांनी 1908 ते 1912 या काळात त्यांच्या वृंदरचना केल्या, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे.

तात्पर्य, चार आवाजांतील लोकगीत ही विसाव्या शतकाच्या आरंभी काही विशिष्ट व्यक्तींनी, विशिष्ट गायक डोळ्यांसमोर ठेवून केलेली निवड आहे. ती उत्तम आहे. पण ती गीताची मूळ अवस्था नव्हे. आपल्यासमोर वेगळे गायक असतील तर निवडही वेगळी करण्यास हरकत नसावी.

आपला गायक कोठून येतो

वर्धा परिसरातील विद्यार्थ्याच्या कानावर समूहगान नवे नाही. सेवाग्राम आश्रमातील सामूहिक प्रार्थना, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजन, गावोगावची भजनी मंडळे, मुलींची भुलाबाईची गाणी, हे सारे समूहगानच आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी मूलोद्योगी शिक्षणाची योजना आकारास आली, तिच्या अभ्यासक्रमात संगीताला विषय म्हणून स्थान होते. गांधीजींच्या प्रार्थनेला इंग्रजी प्रार्थनागीतांचेही वावडे नव्हते. मात्र या सर्व गायनाची रीत एकस्वरी आहे : सर्वांनी एकच चाल गायची, पुरुषांनी खालच्या आणि स्त्रियांनी वरच्या सप्तकात. दुसरी रीत आहे ती प्रमुख गायक आणि झीलकरी यांची. पोवाड्यात शाहिराच्या ओळीला झीलकरी उचलून धरतात, भारुडात टाळकरी पालुपद घोळवतात.

म्हणजे आपल्या विद्यार्थ्याजवळ तीन गोष्टी आधीच असतात : आधारस्वराचे भान, एकस्वरी गाण्याची शिस्त आणि झील धरण्याची सवय. नसते ती फक्त एक, आणि ती म्हणजे शेजारी दुसराच स्वर चालू असताना आपला स्वर टिकविण्याची क्षमता. वृंदरचना करणाऱ्याने ही चौथी गोष्ट पहिल्या तिन्हींच्या आधाराने हळूहळू आणावयाची असते.

उदाहरणादाखल घेतलेले गीत

येथे 'स्कारबरो फेअर' हे गीत घेतले आहे. त्याचे मूळ 'द एल्फिन नाइट' या जुन्या कथागीताच्या कुळात असून फ्रान्सिस चाइल्ड यांच्या संग्रहात त्या कुळाला दुसरा क्रमांक आहे. आज सर्वत्र परिचित असलेली चाल 1947 मध्ये ड्युरॅम परगण्यातील मार्क अँडरसन या निवृत्त शिसे-खाणकामगाराकडून मिळाली. इवान मॅकॉल आणि पेगी सीगर यांच्या 1960 च्या संग्रहातून ती मार्टिन कार्थी यांच्याकडे, त्यांच्याकडून 1965 मध्ये पॉल सायमन यांच्याकडे आणि 1966 च्या ध्वनिमुद्रिकेमुळे जगभर पोहोचली.

गीताचा आशय अशक्य कामांचा आहे. प्रियकर प्रेयसीला शिवणीशिवाय सदरा शिवावयास सांगतो, समुद्र आणि किनारा यांच्या मधोमध शेत मागितले जाते, कातड्याच्या विळ्याने कापणी व्हावी अशी अट घातली जाते. मुक्ताबाईंचे कूट अभंग अथवा भारुडांतील उलटवाणी परिचित असलेल्या विद्यार्थ्याला हे जग परके वाटत नाही. त्यांचा अर्थ अर्थातच निराळा. पण अशक्याची मालिका रचून काहीतरी न बोललेले सुचविण्याची युक्ती दोहोंकडे आहे. हा आशय आरंभीच समजावून दिल्यास पुढील काम निम्म्याने हलके होते, कारण प्रत्येक कडव्यात कोण कोणाशी बोलत आहे हे ठरले की आवाजांची वाटणी आपोआप सुचते.

चालीचे स्वरूप पाहू. ती तीन मात्रांच्या वजनात असून दोन मात्रा दीर्घ आणि एक ऱ्हस्व अशी तिची झुलती गती आहे. चार ओळींपैकी पहिली षड्जावरून एकदम पंचमावर उडी घेते आणि षड्जावर परतते. दुसरी पंचमावर विसावते. तिसरी तार षड्जापासून निघून थेट मंद्र कोमल निषादापर्यंत उतरते. गीताचा सारा विस्तार या एकाच ओळीत येतो आणि नवख्या गायकांची खरी परीक्षा तेथेच होते. चौथी पुन्हा पंचमाला स्पर्श करून मंद्र कोमल निषादावरून षड्जावर संपते.

गांधार आणि निषाद कोमल, बाकी स्वर शुद्ध. आपल्या परिभाषेत हा काफी थाट. पाश्चात्त्य परिभाषेत डोरियन मोड. येथे एक बाब आवर्जून लक्षात घ्यावी. संपूर्ण चालीत धैवत केवळ एकदाच येतो, दुसऱ्या ओळीच्या उत्तरार्धात, आणि तो शुद्ध आहे. तो एक स्वर कोमल झाला तर थाट आसावरीचा होतो आणि गीताचा चेहरा पालटतो. एवढ्या मोठ्या चालीची ओळख एका स्वरावर उभी असावी, हे आपल्या रागविचारात वाढलेल्या मनाला लगेच पटते. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यापेक्षा आपला विद्यार्थी येथे अधिक सावध असू शकतो.

पट्टीचा प्रश्न

मिश्र गायकवृंदात पहिला व्यावहारिक प्रश्न पट्टीचा असतो. आपल्याकडे मुले सामान्यतः काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास गातात. मुली पांढरी सहा अथवा काळी पाचवर. भजनात हा प्रश्न कोणीतरी ओढाताण सहन करून सोडविलेला असतो, आणि ती ओढाताण बहुधा मुलींच्या वाट्याला येते. या गीताचा विस्तार मंद्र कोमल निषाद ते तार षड्ज एवढाच, म्हणजे सप्तकाहून एक स्वर अधिक आहे. षड्ज पांढरी दोनवर धरल्यास मुले आपल्या नेहमीच्या पट्टीत राहतात. पांढरी सहावर गाणाऱ्या मुलीला हा षड्ज तिच्या स्वतःच्या मध्यमावर येतो. तिची खालची मर्यादा तिच्या कोमल गांधारावर आणि वरची तार मध्यमावर पडते. हे क्षेत्र तिच्या आवाक्यातील आहे. परंतु 'माझा सा इथे नाही' ही तिची अडचण खरी असते. त्यासाठी पहिले काही दिवस शब्द बाजूला ठेवून तंबोऱ्यावर नव्या षड्जातील पलटे घोटून घेणे आवश्यक ठरते.

रचना : झील ते आधार

पहिले कडवे एकट्या आवाजात, केवळ षड्ज-पंचमाच्या आधारावर गावे. तंबोरा चालेल, इलेक्ट्रॉनिक तानपुराही चालेल. किंवा दोन मुलांनी मिटल्या ओठांनी हे दोन स्वर धरावेत. गांधार धरू नये. आधारात गांधार आला की गीताचा रंग आधीच ठरून जातो आणि चालीतील गांधाराला काही सांगण्यासारखे उरत नाही.

या गीताची दुसरी ओळ प्रत्येक कडव्यात जशीच्या तशी येते आणि चौथी ओळही जवळपास कायम राहते. पहिल्या व तिसऱ्या ओळीत कथन पुढे सरकते. ही रचना झील धरण्यासाठीच आहे असे म्हटले तरी चालेल. म्हणून दुसऱ्या कडव्यात पहिली व तिसरी ओळ एका गायकाने आणि दुसरी व चौथी सर्वांनी गावी. एवढ्याने वृंदगानाचा परिणाम साधतो आणि कोणालाही अद्याप दुसरा स्वर गावा लागलेला नसतो.

खरी नवी गोष्ट तिसऱ्या कडव्यापासून सुरू होते. आतापर्यंत स्थिर असलेला आधार आता हलवावयाचा आहे. पहिल्या ओळीच्या मध्यावर चाल ऋषभावर येते तेथे खालचे आवाज षड्जावरून मंद्र कोमल निषादावर उतरतात आणि ओळीच्या शेवटी परत षड्जावर येतात. दुसऱ्या ओळीत शुद्ध धैवत येतो तेव्हा आधार मध्यमावर जातो. तिसऱ्या ओळीच्या उतरणीत तो कोमल गांधारावर आणि शेवटी कोमल निषादावर राहतो. चौथीत पुन्हा कोमल निषादावरून षड्ज. चारच आधारस्वर, आणि चारही चालीच्या स्वतःच्या स्वरांतले.

येथे आपला विद्यार्थी अडखळतो, आणि त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. त्याच्या कानाला प्रत्येक स्वर षड्जापासून मोजण्याची सवय आहे. आधार कोमल निषादावर गेला की त्यालाच तो नवा षड्ज मानतो आणि त्याची चाल त्याच्यामागे घसरते. ही बेसुरेपणाची खूण नसून चांगल्या कानाची खूण आहे. यावर उपाय असा की तंबोऱ्याचा षड्ज-पंचम चालूच ठेवावा आणि त्याच्यावर आधार हलवावा. षड्ज कानात अखंड असल्याने हलणारा आधार हा षड्ज नसून एक स्वर आहे, हे कानाला उमगते. कोमल निषाद आणि षड्ज एकत्र ऐकू येताना काही क्षण घर्षण होते खरे. पण सरावात ते उपयोगीच पडते. प्रत्यक्ष सादरीकरणात तंबोरा ठेवावा की काढावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझा कल ठेवण्याकडे आहे.

कीबोर्डच्या दोन सवयी

चित्रपटगीतांच्या साथीतून आलेल्या दोन सवयी या गीताला विशेष बाधतात. मायनर कॉर्डने सुरू होणारे गाणे दिसले की साथीदार दुसऱ्या ओळीत मध्यमावर मायनर कॉर्ड धरतो. त्यात धैवत कोमल असतो; गायक शुद्ध धैवत गात असतात. दोन धैवतांची टक्कर होते आणि विद्यार्थी वाद्यावर विश्वास ठेवून स्वतःचा स्वर बदलतात. दुसरी सवय शेवटची. ओळ संपविण्यासाठी पंचमावरील मेजर कॉर्ड वाजविण्याची प्रथा आहे आणि त्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद असतो. चाल मात्र त्याच ठिकाणी कोमल निषादावरून षड्जावर जाते. शुद्ध निषादाने षड्जाकडे ओढून नेण्याची जी पाश्चात्त्य रीत आहे, ती या चालीला ठाऊकच नाही. व्हॉन विल्यम्स आणि होल्स्ट यांच्या लोकगीत-रचनांचे वैशिष्ट्य हेच की त्यांनी मोडचे स्वर मोडमध्येच राहू दिले. तेव्हा साथीदाराला एवढेच सांगावे : कोमल धैवत आणि शुद्ध निषाद या दोन पट्ट्यांना या गाण्यात हात लावू नये.

समांतर आवाज

चौथ्या कडव्यात दुसरी चाल जोडता येते. यासाठी सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. कोंकणी मांडो दोन आवाजांत, तृतीय स्वराच्या अंतराने समांतर गायिला जातो आणि तो गाणारे सर्वच काही संगीत शिकलेले नसतात. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी 1956 मध्ये स्थापन केलेल्या आणि 1967 पासून कूमी वाडिया यांनी निर्देशित केलेल्या परंज्योती अकॅडमी कोरसने पाश्चात्त्य रचनांबरोबर भारतीय गीतांच्याही वृंदरचना गायिल्या. सलील चौधरी यांचा 1958 मधील बॉम्बे यूथ कॉयरही याच प्रवाहातला. ही परंपरा आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही.

समांतर स्वर ठरविताना अंतर मोजू नये, थाट मोजावा. कोमल गांधारावर पंचम, मध्यमावर शुद्ध धैवत, पंचमावर कोमल निषाद. पहिल्या दोन जोड्यांत चार अर्धस्वरांचे अंतर आहे, तिसरीत तीन. विद्यार्थ्यांना हे गणित सांगण्याची गरज नाही. काफीच्या सरगमेत 'एक सोडून पुढचा' एवढे सांगितले की पुरे. ही जोड फक्त झिलेच्या ओळींना द्यावी. सर्व ओळींना दिल्यास गाणे गोड होते आणि गोष्ट हरवते.

तालाविषयी थोडेसे. तीन मात्रांचे वजन दिसताच तबलजी दादरा धरतो. दादऱ्याच्या खाली-भरीत हे गीत भावगीतासारखे वाटू लागते. फार तर दुसऱ्या कडव्यापासून डफाची एक हलकी थाप प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पुरे.

शब्दोच्चार

मराठी माध्यमाचे विद्यार्थी उच्चाराच्या धास्तीने आवाज दाबतात. वृंदगानात शुद्ध उच्चारापेक्षा समान उच्चार महत्त्वाचा. दीर्घ स्वरावर सर्वांचे तोंड सारखे उघडले आणि शब्दाच्या शेवटचे व्यंजन सर्वांनी एकाच क्षणी टाकले, तर उच्चार लंडनचा आहे की हिंगणघाटचा हे श्रोता विचारीत नाही. शब्दाच्या अंती येणारा 'र' मात्र घोळवू नये. विदेशी गायकाच्या उच्चाराची नक्कल तर मुळीच करू नये. ज्या खाणकामगाराकडून ही चाल आली तोही आपल्या गावच्या बोलीतच गात असणार.

हक्कांचा मुद्दा

गीत पारंपरिक असले तरी रचना पारंपरिक नसते. सायमन आणि गारफंकेल यांच्या ध्वनिमुद्रणात मूळ गीताबरोबर 'कँटिकल' नावाची जी दुसरी चाल ऐकू येते, ती त्यांची स्वतःची निर्मिती आहे. कार्थी यांची गिटार-साथ त्यांची. या दोन्ही उचलून आपल्या रचनेत घालता येणार नाहीत. भारतीय कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपुष्टात येतो. होल्स्ट 1934 मध्ये निवर्तले आणि व्हॉन विल्यम्स 1958 मध्ये. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या रचना आता भारतात खुल्या आहेत. मात्र अलीकडील संपादकांनी त्यांत केलेले फेरफार खुले असतीलच असे नाही. बाजारातील छापील वृंदरचनेच्या छायाप्रती काढून वाटण्याची महाविद्यालयांतील प्रथा या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

सहा जणांची मांडणी

स्पर्धेच्या नियमाप्रमाणे सहा गायक असतील तर तीन मुली व तीन मुले ही वाटणी सोयीची ठरते. प्रमुख चालीवर दोन मुली, समांतर स्वरावर एक मुलगी. खाली हलत्या आधारावर दोन मुले आणि एका मुलाने चाल खालच्या सप्तकात धरावी. समांतर स्वराची जबाबदारी सर्वांत उत्तम आवाजाच्या मुलीला देण्याचा मोह होतो. वस्तुतः तेथे आवाजापेक्षा स्थिरता हवी. भजनी मंडळात वर्षानुवर्षे झील धरलेली मुलगी असल्यास तिला तेथे उभे करावे. कथनाच्या ओळी मात्र कडव्यागणिक मुलगा आणि मुलगी यांत आलटून पालटून द्याव्यात, म्हणजे अट घालणारा कोण आणि उलट अट घालणारी कोण हे ऐकणाऱ्याला कळत जाते. अखेरच्या कडव्यात तिसऱ्या ओळीपासून आधार पुन्हा स्थिर करावा, समांतर स्वर काढून घ्यावा आणि शेवट षड्ज-पंचमावर, गांधाराविना करावा. सरावाचे पहिले दोन आठवडे कीबोर्ड उघडूच नये.